तिंग-फाच्या टीव्हीला हिरवी पुडी

"शेवटचा ठेका पडायच्या आधी मी एक गोष्ट करणार आहे," दारात बसून बुटाची नाडी बांधता बांधता शिउ-लुआन म्हणाली. "काय केलं, ते संध्याकाळी मला सांगायचं. सांगता आलं नाही, तर तुझा तो टीव्ही उद्या भंगारवाल्याच्या गाडीत. आणि त्याच्या शेजारी तू."

"गाडीत पुढे बसायचं की मागे?" तिंग-फाने विचारलं.

"मागे. भंगार मागेच टाकतात." ती उठली. "आणि मुळ्याचं सूप मंद आचेवर आहे. ढोल सुरू व्हायच्या आधी गॅस बंद कर. काय सांगितलं मी?"

"ढोल सुरू व्हायच्या आधी गॅस बंद."

"म्हाताऱ्या, तोंडाने बरोबर म्हणतोस रे तू," असं म्हणून ती गेली. कोपऱ्यावर देवळातल्या ढोलपथकाच्या बाकीच्या बायका बसमधून हाका मारत होत्या.

आता बाईचा राग उगाच नव्हता. समुद्रमातेच्या पालखीपुढे शिउ-लुआन दर वर्षी मोठा ढोल वाजवायची आणि तिंग-फा दर वर्षी बस चालवायचा. पालखीच्या दिवशी बसगाड्यांना गर्दी, त्यामुळे रजा नाही. संध्याकाळी घरी येऊन तो न चुकता म्हणायचा, "छान वाजवलंस." लग्न झाल्यापासून एवढ्यावर भागत होतं. मग एका वर्षी त्याला काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, "लाल कपड्यांत शोभून दिसत होतीस" अशी पुस्ती जोडली. त्या वर्षी पथकाने पिवळे कपडे शिवले होते.

यंदा तो निवृत्त झाला आणि आता कुठलंच निमित्त उरलं नाही म्हणता म्हणता पाय मोडून बसला. उभ्या हयातीत बसगाडीला ओरखडा पडू न दिलेला माणूस घराच्या दोन पायऱ्या उतरताना आपटला. पण देऊळवाल्यांनी पालखी इंटरनेटवरून दाखवायची ठरवली होती. दुपारी तीनला आमच्या लुकांगच्या पथकाची पाळी. फोनवर बघतो म्हणाला, तर शिउ-लुआनने मानच हलवली. "तळहाताएवढ्या काचेत मी तुला मुंगी दिसणार. मोठ्या टीव्हीवर बघ. आणि गल्लीला बोलाव, म्हणजे साक्षीला माणसं राहतील."

तिंग-फाचा टीव्ही मोठा होता यात शंका नाही. बस कंपनीच्या वर्षअखेरीच्या मेजवानीत सोडत निघाली तेव्हा तो त्याला लागला होता. जन्मात लागलेली तेवढी एकच गोष्ट, म्हणून त्याने त्याच्यावरची लाल रेशमी फीत अजून सोडली नव्हती आणि काचेवरचा निळसर प्लास्टिकचा कागदही काढला नव्हता. त्याच्या टीव्हीवर बातम्या देणारी माणसं कायम बुडून मेल्यासारखी दिसायची. सोडत निघाली त्या काळात इंटरनेट टीव्हीत शिरतं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. टीव्हीच्याही नव्हतं.

हे काम चिन-शुइने अंगावर घेतलं. चिन-शुइला आमच्या गल्लीत सगळे इंजिनियर म्हणतात. शिन्चूच्या एका कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात त्याने जन्म काढला. म्हणजे कॅन्टीनमध्ये. पण ज्या इमारतीत दरवानालाही गणित येतं असं म्हणतात, तिथे माणूस नुसता भात शिजवत राहिला तरी थोडी विद्या वाफेतून अंगात जातेच की.

"सोपं आहे," खिशातून काडेपेटीएवढी काळी डबी काढत तो म्हणाला. "ही टीव्हीच्या मागे खुपसायची, विजेला जोडायची. ही राउटरमधून इंटरनेट ओढते आणि टीव्हीत ओतते. पंपासारखं."

"मग हिला वीज कुठून देणार?" तिंग-फाने विचारलं.

इथे पहिली गाठ पडली. बैठकीच्या खोलीत प्लगच्या जागा तीन. एकीत टीव्ही. दुसरीत राउटर, तो देव्हाऱ्याच्या चौरंगावर फळांच्या ताटाशेजारी बसलेला. आणि तिसरीत देव्हाऱ्यातले दोन लाल दिवे, जे घर बांधल्यापासून कधी विझले नव्हते. जोडणीचा लांब बोर्ड शिउ-लुआन पथकाच्या पंख्यासाठी घेऊन गेली होती. समोरच्या दुकानातून पाओ-चू आली होती. तिच्याकडे मिठापासून फटाक्यांपर्यंत सगळं मिळतं, बोर्ड तेवढा नव्हता.

"दिवे तासभर काढू," चिन-शुइ म्हणाला. "मेणबत्ती लावू."

"देव्हाऱ्यातल्या भूमिबाबांना न विचारता?" तिंग-फा म्हणाला.

"विचारू ना."

कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी चिन-शुइने कपाळाला लावल्या आणि जमिनीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर देवाचा होकार. दोन्ही उताण्या पडल्या.

"दोन्ही उताण्या म्हणजे देव हसतोय," तिंग-फा म्हणाला.

पुन्हा टाकल्या. पुन्हा दोन्ही उताण्या. तिसऱ्यांदाही तेच.

"हा देव की कोण? हसतच सुटलाय!"

"तुझं तोंड बघून हसत असेल. दे इकडे." तिंग-फाने खुर्चीतून टाकल्या. दोन्ही पालथ्या. साफ नकार.

पाओ-चूला राहवलं नाही. "अरे, विचारायची काही रीत? त्याचा दिवा काढून घेणार, तुम्ही मजेत ढोल बघणार आणि त्याने काळोखात बसायचं? मी दुकानदार आहे, मला विचारा. आधी गिऱ्हाइकाला काय मिळणार ते सांगावं." तिने चंद्रकोरी उचलल्या, देव्हाऱ्यापुढे वाकली. "भूमिबाबा, टीव्ही तुमच्याकडे तोंड करून ठेवतो. सगळ्यांत पुढची जागा तुमची. चालेल?"

एक पालथी, एक उताणी. पहिल्या फटक्यात.

झालं! टीव्ही उचलून देव्हाऱ्यासमोर लावला. आणि देवाच्या नजरेआड कुणी बसायचं नाही म्हणून मधली सगळी जागा मोकळी सोडावी लागली. गल्लीतली माणसं येऊ लागली तशी भिंतींना चिकटून, माना वाकड्या करून बसली. थिएन-ती आजोबांना वय बघून देवाच्या उजव्या हाताला, चौरंगाला लागून जागा दिली. नव्वदी ओलांडलेला माणूस, तोंडात दात नाही, कानात आवाज नाही, पण भूक तरण्याबांड बैलाची. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "जेवण कधी आहे?"

"जेवण नाही आजोबा, ढोल आहे!"

"चालेल. पण मऊ शिजवा."

डबी बसली, मेणबत्ती लागली, पडद्यावर निळी पाटी आली आणि पासवर्ड मागू लागली. तो तिंग-फाच्या मुलीने ठेवलेला. ती तैपेईला नोकरीत. तिला विचारलं तर उत्तर आलं, "बाबांची जन्मतारीख. मीटिंग चालू आहे, फोन करू नका."

"सांग तारीख," चिन-शुइ म्हणाला.

"कोणती?"

"कोणती म्हणजे?"

"ओळखपत्रावरची की खरी? बापाने नाव नोंदवलं ते भाताची कापणी उरकल्यावर. तोवर मी रांगत होतो."

"मग खरी सांग!"

"खरी चांद्र पंचांगातली. आठव्या महिन्यातली पौर्णिमा उलटल्यावर दोन दिवसांनी."

चिन-शुइने बोटांवर मोजत चांद्र तारखेची इंग्रजी तारीख केली. त्या टीव्हीच्या रिमोटवर एकेक आकडा लिहायचा म्हणजे बाण दाबत दाबत पडदाभर वणवण करायची. पहिली तारीख चुकली. ओळखपत्रावरची चुकली. पंचांगातली जशीच्या तशी टाकली, तीही चुकली.

"आणखी एक आहे," तिंग-फा ओशाळून म्हणाला. "माझी वेळ वाईट निघाली म्हणून ज्योतिषाने आईला दुसरा दिवस धरायला सांगितलं होतं."

"एका माणसाने किती वेळा जन्माला यावं, याला काही सुमार?" चिन-शुइ ओरडला. तीही चुकली.

शेवटी पाओ-चूनेच विचारलं, "तुझी पोर लहानपणी तुझ्या वाढदिवसाचा केक कधी खायची?"

"बस कंपनी केक द्यायची तेव्हा. ती तारीख तर कंपनीच्या कारकुनाने चुकून लिहिलेली."

ती टाकली आणि पाटी उघडली! माणसाचा खरा जन्म केक येतो त्या दिवशी होतो, हे आमच्या गल्लीला त्या दिवशी कळलं.

टाळ्या वाजल्या. पडद्यावर पालखीची गर्दी दिसली, कुणाचा तरी ढोल हवेत उंच उचललेला दिसला आणि तो तसाच उंच राहिला. मधोमध एक पांढरं वर्तुळ गरगर फिरू लागलं.

"बसून बसून टीव्हीला ग्लानी आली," तिंग-फा म्हणाला. "पण ढोल सुरू होत आलाय रे!"

चिन-शुइने टीव्ही बघितला, डबी बघितली, राउटर बघितला आणि कपाळावर हात मारला. "अरे, राउटरवर पुडी कुठाय?"

सगळ्यांनी शरमेने माना खाली घातल्या.

मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मक्याचे नारळाच्या चवीचे फुगे असतात त्या पुडीत, आणि वर नावच 'शहाणं बाळ' अशा अर्थाचं छापलेलं. बँकेत बघा, इस्पितळात बघा, पोलिसचौकीत बघा, मशीन तिथे पुडी. पण हिरवीच हवी. पिवळी ठेवली तर मशीन बिचकतं, लाल ठेवली तर बसतं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि मशीनवरची पुडी कुणी खायची नाही.

"कोट्यवधींच्या मशीनवर मी ह्या हातांनी पुड्या ठेवल्यात," चिन-शुइ म्हणाला.

"तू तर कॅन्टीनमध्ये होतास ना?"

"मग भाताचं मशीन काय फुकट येतं?"

पाओ-चूने धावत जाऊन एक हिरवी पुडी आणली आणि राउटरवर टेकवली. खोटं सांगत नाही, त्याच क्षणी उचललेला ढोल खाली आला आणि धाडकन वाजला! लोक "आहा!" म्हणाले. दोन ठेके वाजून चित्र पुन्हा थिजलं.

"गुण आहे," चिन-शुइ गंभीरपणे म्हणाला. "मात्रा कमी पडतेय."

मग काय विचारता! जो तो उठला आणि पाओ-चूच्या दुकानाकडे धावला. शेजारधर्म कुणाला चुकलाय? कुणी दोन आणल्या, कुणी चार. राउटरच्या डोक्यावर, पाठीला, पोटाला पुड्या रचल्या. जागा संपली तशी त्यांच्यावर आणखी रचल्या. बघता बघता राउटर दिसेनासा झाला आणि देवापुढे हिरवागार डोंगर उभा राहिला. भूमिबाबांच्या दाढीला पुड्या टेकल्या. आणि जसजसा डोंगर वाढला, तसतसं टीव्हीतलं चित्र आधी अडखळलं, मग तुकडे तुकडे झालं, आणि शेवटची पुडी चढवली तेव्हा पडदा स्वच्छ निळा झाला.

तेवढ्यात कसला तरी जळका वास आला.

"राउटर पेटला!" कुणीतरी ओरडलं.

"पेटेल नाही तर काय!" चिन-शुइने डोंगरात हात घातला आणि तळातून एक पुडी ओढून काढली. पिवळी. सगळ्यांनी पाओ-चूकडे बघितलं.

"हिरव्या संपत आल्या होत्या," पाओ-चू म्हणाली. "म्हटलं, एवढ्या हिरव्यांत एक पिवळी, संगतीने सुधारेल."

"संगतीने सगळ्या बिघडल्या ना!"

ती पापी पुडी थिएन-ती आजोबांच्या मांडीवर टाकण्यात आली. ती काही मशीनची नव्हती, त्यामुळे खायला हरकत नव्हती. वास मात्र जाईना. दोघांनी पंखे घेऊन डोंगराला वारा घातला. तिंग-फाची नजर घड्याळावर. "तीन वाजले रे," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "चिन-शुइ, काहीतरी कर. भंगाराची गाडी माझ्या डोळ्यांपुढे फिरतेय."

"मला विचार करू दे."

"कारखान्यात काय करायचास?"

"भात करपला की पाणी घालायचो."

आजोबांची पिवळी पुडी एव्हाना संपली होती. मक्याचे ते फुगे तोंडात टाकले की विरघळतात, दाताचं काम नाही. म्हाताऱ्याला वाटलं हाच तो मऊ शिजवलेला बेत. त्यांनी शांतपणे हात लांब केला, चौरंगावरची हिरवी पुडी उचलली आणि फाडली.

खोलीत किंचाळी उठली. "आजोबा! मशीनची पुडी!"

"चांगली आहे," आजोबा म्हणाले, आणि दुसरी फाडली.

पाओ-चू हात धरायला धावली, पण तिंग-फा खुर्चीत ताठ झाला. "थांबा! कुणी हलू नका!"

निळ्या पडद्यावर एक ढोल उमटला होता.

आजोबांनी तिसरी फाडली. ढोलाला हात फुटले. चौथी फाडली. हाताला बाई फुटली.

"आजोबा, आणखी एक!"

"एकटे ते किती खाणार!" पाओ-चूच्या डोक्यात उजेड पडला. "आपण काय मूर्ख आहोत का? देवापुढे मांडलं, की देवाचं खाऊन झाल्यावर आपण खायचं असतं! तुमच्या घरी नैवेद्याचं कोंबडं काय तसंच ठेवता? देव कधीचा जेवून बसलाय आणि आपण ताट उचलत नाही!"

एवढं ऐकल्यावर गल्ली त्या डोंगरावर तुटून पडली. असं खाणं लुकांगने आजवर पाहिलं नव्हतं. दोन हातांनी खात होते. मधुमेहवाले खात होते, उपासवाले खात होते, चिन-शुइ दोन पुड्या एकदम तोंडात रिकाम्या करत होता. केसांत भुगा, मिशांत भुगा, भूमिबाबांच्या मांडीवर भुगा. पुडी रिकामी होई तसा पडदा उजळे, आणि राउटरचा हिरवा डोळा पुन्हा उघडा पडला तेव्हा ढोलाचा आवाज असा घुमला की खिडक्या थरथरल्या.

"शिउ-लुआन!" तिंग-फा म्हणाला.

पडद्याच्या मधोमध ती उभी होती, निळ्या कपड्यांत, आणि यंदा निळा रंग काचेवरच्या कागदाचा नव्हता. घरात पातेल्यांशी आदळआपट करणारी हीच का ती बाई, असं तिंग-फाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तिचे हात दिसत नव्हते, नुसत्या टिपऱ्या दिसत होत्या. पथकातल्या बायका तिच्याकडे बघून ताल पकडत होत्या. भिंतीला चिकटलेल्या माणसांच्या माना आपोआप हलत होत्या, आजोबांचीसुद्धा, आणि त्यांना तर ऐकूही येत नव्हतं.

ठेका चढत गेला, चढत गेला आणि एकदम थांबला. सगळी पालखी श्वास रोखून उभी. शिउ-लुआनने उजव्या हाताची टिपरी उचलली, कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून रोखली आणि गरजली:

"म्हाताऱ्या! गॅस बंद केलास का?"

खोलीतले सगळे म्हातारे एकदम उभे राहिले. मला तर नंतर असंही कळलं की त्या क्षणी उत्तरेला कीलुंगपासून दक्षिणेला फिंगतुंगपर्यंत जिथे जिथे पालखी बघत होते, तिथला प्रत्येक म्हातारा उठून स्वयंपाकघराकडे पळाला. खरं-खोटं विजेच्या कंपनीने सांगावं, नाही तर गॅसच्या. पण खरा धूर तिंग-फाच्याच घरात होता. तो जळका वास राउटरचा नव्हता, मुळ्याच्या सुपाचा होता. तिंग-फा एका पायावर उड्या मारत आत पोचला, गॅस बंद केला, तापलेल्या पातेल्याला हात लावून "आई ग!" म्हणाला, आणि नेमका तेव्हाच बाहेरच्या खोलीत शेवटचा ठेका पडला.

संध्याकाळी शिउ-लुआन घरी आली. भुग्याने भरलेली फरशी बघितली, देवाकडे तोंड केलेला टीव्ही बघितला, मेणबत्ती बघितली, पेंगणारे थिएन-ती आजोबा बघितले, आणि काळंठिक्कर पातेलं बघितलं. मुलीचा तैपेईहून फोन येऊन गेला होता; पुड्यांच्या आतला चंदेरी कागद राउटरच्या लहरी अडवतो, असं काहीतरी ती सांगत होती. कुणी विश्वास ठेवला नाही.

"काय केलं मी?" शिउ-लुआनने विचारलं.

"ओरडलीस."

"कुणावर?"

"माझ्यावर. अख्ख्या तैवानसमोर."

"आणि कपडे?"

"निळे," तिंग-फा म्हणाला. "डाव्या बाहीचं बटण तुटलंय. तिसऱ्या फेरीत तुटलं, तू बघितलंही नाहीस."

तिने बाही उलटी करून बघितली. मग तिने बटणाच्या जागी बोट फिरवलं.

"आणि शेवटचा ठेका?"

तिंग-फाने भाजलेला हात पुढे केला. "तो स्वयंपाकघरातून ऐकला. पण ऐकला हं. ह्या बोटावर पडलाय."

ती हसली, तशी ती फारशी हसत नाही, आणि त्याच्या बोटावर फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याची गाडी नेहमीप्रमाणे कर्णा वाजवत गल्लीत शिरली. जुनी यंत्रं, जुने टीव्ही, जुने पंखे. शिउ-लुआन बाहेर गेली, करपलेलं पातेलं गाडीत टाकलं.

"आणखी काही आहे का, मावशी?" गाडीवाल्याने आत डोकावत विचारलं. "तो आतला मोठा?"

"टीव्ही की माणूस?"

"कुठलाही चालेल."

शिउ-लुआनने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. चौरंगाखाली लोळत गेलेली एकच एक हिरवी पुडी कालच्या कत्तलीतून वाचली होती. तिने ती उचलली, तारीख नीट वाचली, तिंग-फाच्या प्लास्टरातल्या पायावर उभी करून ठेवली आणि गाडीवाल्याला म्हणाली, "राहू दे. चालेलसं वाटतंय अजून."

मग तिंग-फाचा हात पुडीकडे सरकताना बघून तिने टिपरी उचलली.

"मशीनने स्वतःची पुडी खायची नसते."